कोपा अमेरिकाची पहिली वर्षं : देशाची जर्सी कुणाच्या अंगावर?

सेंटरहाफ (धागाकर्ता)

फुटबॉलचा विश्वचषक १९३० साली सुरू झाला. आशियाई स्पर्धा १९५६ ची, आफ्रिकेची १९५७ ची, युरोपची तर थेट १९६० ची. या सगळ्यांच्या आधी, १९१६ च्या जुलै महिन्यात, ब्युनोस आयर्समध्ये चार देश एकमेकांशी खेळले आणि ती स्पर्धा आजही चालू आहे. आपण तिला कोपा अमेरिका म्हणतो. हे नाव १९७५ पासूनचं. त्याआधी ती दक्षिण अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धा होती. मेस्सीसाठी पहाटे उठून कोपा बघणारे आपल्याकडे आता पुष्कळ आहेत, पण तिच्या पहिल्या काही वर्षांबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

आधी त्या दिवसांची कल्पना यावी म्हणून एक तारीख सांगतो. १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमची लढाई सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी हजारो ब्रिटिश सैनिक मेले. बर्लिनचं १९१६ चं ऑलिंपिक रद्द झालं होतं. युरोपातली मैदानं ओस पडली होती. आणि २ जुलैला, रविवारी, अटलांटिकच्या पलीकडे उरुग्वे आणि चिली यांच्यात या स्पर्धेचा पहिला सामना सुरू झाला.

निमित्त होतं अर्जेंटिनाच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीचं. अर्जेंटिना, उरुग्वे, चिली आणि ब्राझील असे चारच संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, जिंकलं तर २ गुण, बरोबरी झाली तर १. उपांत्य फेरी नाही, अंतिम सामना नाही. स्पर्धा चालू असतानाच, ९ जुलैला, म्हणजे नेमक्या शताब्दीच्या दिवशी, उरुग्वेच्या एक्तोर रिवादाविया गोमेस यांच्या पुढाकाराने खंडाची फुटबॉल संघटना स्थापन झाली. युरोपची अशी संघटना व्हायला १९५४ साल उजाडलं, यावरून हे लोक किती पुढे होते ते कळेल.

या भागात फुटबॉल आणला ब्रिटिशांनी. रेल्वे, बंदरं, बँका आणि इंग्रजी शाळा त्यांच्या. ब्युनोस आयर्समधले सुरुवातीचे नामांकित खेळाडू बघितले तर ब्राउन, वॉटसन हटन अशी नावं भेटतात. अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यात १९०१ पासून सामने होऊ लागले. १९०५ साली चहावाले थॉमस लिप्टन यांनी या दोन देशांच्या सामन्यासाठी एक कप दिला आणि त्याला अट घातली की खेळाडू त्या-त्या देशात जन्मलेलेच हवेत. मला ही अट फार महत्त्वाची वाटते. 'आमचा' खेळाडू कोण, हा प्रश्न खंडाच्या स्पर्धेच्या अकरा वर्षं आधीच ऐरणीवर आला होता. साहेबांचा खेळ आता इथल्या मुलांचा होऊ लागला होता. पण 'इथली' म्हणजे नेमकी कोणती मुलं?

पहिल्याच सामन्यात या प्रश्नाने तोंड वर काढलं.

उरुग्वेने चिलीला ४-० हरवलं. स्पर्धेच्या इतिहासातला पहिला गोल होसे पिएंदिबेनेचा. त्याने दोन मारले आणि उरलेले दोन इसाबेलिनो ग्रादिनने. ग्रादिन पेनारोल क्लबचा डावखुरा फॉरवर्ड, जेमतेम एकोणीस वर्षांचा, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचा वंशज. त्याच संघात हुआन देलगादो हा आणखी एक कृष्णवर्णीय खेळाडू मधल्या फळीत होता. सामन्यानंतर चिलीच्या पथकाने हरकत घेतली, की उरुग्वेने दोन आफ्रिकी खेळवले, म्हणून निकाल रद्द करा.

जरा थांबून विचार करा. दोघंही उरुग्वेत जन्मलेले, उरुग्वेत वाढलेले, तिथल्या क्लबांकडून खेळणारे. लिप्टनची अट लावली तरी दोघंही पास. तरीही केवळ रंग बघून त्यांना परदेशी ठरवायला निघाले होते. हरकत टिकली नाही, निकाल कायम राहिला. त्या काळात राष्ट्रीय संघात कृष्णवर्णीय खेळाडू खेळवणारा या चौघांत एकटा उरुग्वेच होता, आणि स्पर्धेत सर्वाधिक ३ गोल करून ग्रादिनने उत्तर मैदानातच दिलं. नुसता फुटबॉल नाही, हा माणूस धावपटूही होता. १९१९ साली माँटेव्हिडिओच्या दक्षिण अमेरिकन मैदानी स्पर्धेत त्याने २०० आणि ४०० मीटर, दोन्ही शर्यती जिंकल्या. एका पेरूच्या कवीने त्याच्या धावण्यावर आख्खी कविता लिहिली आहे.

शेवटचा सामना अर्जेंटिना विरुद्ध उरुग्वे. उरुग्वेला बरोबरी पुरे, अर्जेंटिनाला विजयच हवा. १६ जुलैला पालेर्मोमधल्या हिम्नासिया क्लबच्या मैदानावर इतके लोक लोटले की सामना सुरू होऊन काही मिनिटांतच थांबवावा लागला. चिडलेल्या लोकांनी लाकडी स्टँड पेटवून दिले. दुसऱ्या दिवशी अवेयानेदामधल्या रेसिंग क्लबच्या मैदानावर सामना पुन्हा झाला, ०-० सुटला आणि उरुग्वे पहिला विजेता ठरला. उरुग्वे ५, अर्जेंटिना ४, ब्राझील २, चिली १ असे गुण. द्यायला कपसुद्धा नव्हता. तो पुढच्या वर्षी आला. १९१७ ला माँटेव्हिडिओत स्पर्धा झाली, ती पुन्हा उरुग्वेनेच जिंकली, एकही गोल न खाता.

आता ब्राझील. १९१८ ची स्पर्धा रिओला व्हायची होती, पण तिथे इन्फ्लुएंझाची साथ इतकी भयानक होती की ती वर्षभर पुढे ढकलली. १९१९ च्या मे महिन्यात फ्लुमिनेन्से क्लबच्या नव्याकोऱ्या लारांजेइरास स्टेडियमवर ती झाली. ब्राझील आणि उरुग्वेचे गुण सारखे झाले, म्हणून २९ मेला निर्णायक सामना. नव्वद मिनिटांत गोल नाही. अर्ध्या तासाच्या जादा वेळेत नाही. मग आणखी अर्धा तास. १२२ व्या मिनिटाला नेकोने उजवीकडून चेंडू आत टाकला, एइतोरने फटका मारला, उरुग्वेचा गोलकीपर सापोरितीने तो थोपवला, आणि परत आलेला चेंडू आर्तुर फ्रीडनराइशने जमिनीवर पडू न देता जाळ्यात धाडला. १-०. एकूण दीडशे मिनिटं चाललेला तो सामना कोपाच्या इतिहासातला सर्वात लांब सामना आहे. संगीतकार पिशिंगिन्याने या विजयावर रचलेली धून आजही ब्राझीलमध्ये वाजवली जाते, आणि तिचं नावच 'एक-शून्य' आहे.

फ्रीडनराइशचे वडील जर्मन वंशाचे, आई कृष्णवर्णीय ब्राझिलियन. सामन्याआधी तो केस चापूनचोपून सरळ करायचा आणि त्यामुळे मैदानात उशिरा यायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. ज्या देशाला त्याने पहिलं मोठं विजेतेपद मिळवून दिलं, त्याच देशात उच्चभ्रू क्लबांचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होते.

आणि १९२० ला काय झालं? चिलीत झालेल्या स्पर्धेत ब्राझील उरुग्वेकडून ६-० हरला. परतीच्या वाटेवर संघ ब्युनोस आयर्सला मैत्रीपूर्ण सामन्यासाठी थांबला, तर 'क्रीतिका' या तिथल्या वर्तमानपत्राने ब्राझिलियन लोकांना माकडं दाखवणारं व्यंगचित्र छापलं. काही खेळाडूंनी मैदानात उतरायलाच नकार दिला. त्यांचं बरोबरच होतं. पण पुढच्या वर्षी ब्युनोस आयर्सच्याच स्पर्धेसाठी ब्राझीलचा संघ निवडायची वेळ आली, तेव्हा सावळे-काळे खेळाडू पाठवू नयेत असा दबाव आला. राष्ट्राध्यक्ष एपितासिओ पेसोआ यांचं नाव त्यात घेतलं जातं. लेखक लिमा बारेतो यांनी, जे स्वतः कृष्णवर्णीय होते, याविरुद्ध तेव्हाच कडाडून लिहिलं. १९२१ च्या त्या संघात फ्रीडनराइश नव्हता.

अपमान करणाऱ्याला जाब विचारायचा, की ज्याचा अपमान झाला त्यालाच घरी बसवायचं? त्या लोकांनी दुसरा रस्ता धरला. शंभर वर्षं उलटली तरी मला याचा राग येतो.

तुमच्याकडे भर घालण्यासारखं असेल तर जरूर लिहा. प्रश्नही विचारा.

—

मंजिरी_क

फार सुंदर लेख. ग्रादिनचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं, लाज वाटली. एक विचारू का? चिलीच्या हरकतीचं पुढे काय झालं? माफी वगैरे?

—

सेंटरहाफ

मंजिरीताई, धन्यवाद. हरकत मागे घेतली आणि चिलीच्या बाजूने दिलगिरी व्यक्त झाली, असं बहुतेक इतिहासांत येतं. ती नेमकी कोणत्या शब्दांत केली होती यावर अभ्यासकांमध्ये चर्चा आहे, त्यात मी शिरत नाही. ग्रादिन आणि देलगादो पुढच्या सामन्यांतही खेळले, ही गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. १२ जुलैला ब्राझीलला २-१ हरवलं, त्यातही ग्रादिनचा गोल आहे. दबावाला भिऊन त्यांना बसवलं असतं तर आज आपण वेगळाच इतिहास वाचत असतो.

—

रंकाळवेसकर

एक नंबर लिहिलंय भावा. आमच्या कोल्हापुरात वर्ल्ड कप आला की निम्म्या गल्ल्या ब्राझीलच्या आणि निम्म्या अर्जेंटिनाच्या, फ्लेक्स बघून बाहेरचा माणूस चक्रावतो. उरुग्वेचा झेंडा कुणी लावल्यालं मी तरी बघितलं नाही. हा लेख वाचून एक तरी लावावा वाटाय लागलाय.

ते स्टँड पेटवल्याचं जरा इस्कटून सांगा की. शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचला गर्दी आणि ईर्षा दोन्ही बघितलीय, पण मैदानच पेटवायचं म्हणजे लईच झालं.

—

सेंटरहाफ

रंकाळवेसकर, कारण साधं होतं. मैदानाची क्षमता होती त्यापेक्षा कितीतरी जास्त तिकिटं विकली गेली. लोक आत आले, जागा नाही, मग रेषा ओलांडून थेट खेळाच्या जागेत. पंचांनी सामना थांबवला. पैसे देऊन आलेल्या माणसाला पाच मिनिटांचा खेळ बघून घरी जा म्हटल्यावर भडका उडणारच. बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांमधलं इंधन काढून लाकडी स्टँडला आग लावली, असं वर्णन येतं. जाळपोळीचं समर्थन नाही, पण आयोजकांचा हावरटपणाही विसरू नये.

गर्दी का होती तेही बघा. याच स्पर्धेतला एक किस्सा सांगतात. १० जुलैला ब्राझीलविरुद्ध अर्जेंटिनाचा ओआको येऊ शकला नाही, तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या उराकान क्लबच्या होसे लागुनाला खाली बोलावून खेळवलं आणि त्याने गोल मारला. सामना १-१ सुटला. प्रेक्षक आणि खेळाडू यांच्यातलं अंतर तेव्हा एवढंच होतं. सगळे हौशी, नोकऱ्या सांभाळून खेळणारे. पंचसुद्धा सहभागी देशांमधलेच; चिलीच्या संघाबरोबर आलेल्या कार्लोस फांता यांनीही या स्पर्धेत सामने चालवले.

—

दूरदेशी

मी कामानिमित्त काही काळ रिओला होतो, तेव्हा लारांजेइरास मुद्दाम जाऊन पाहिलं. स्टेडियम अजून उभं आहे. गव्हर्नरच्या राजवाड्याला, म्हणजे ग्वानाबारा पॅलेसला, अगदी लागून. पांढऱ्या रंगाची जुन्या वळणाची क्लबची इमारत, आत रंगीत काचांच्या मोठ्या खिडक्या, नाचाचा दिवाणखाना. तिथे उभं राहिलं की लगेच समजतं हा क्लब कुणासाठी होता. मैदानाच्या एका बाजूचा स्टँड मात्र तुटका दिसतो, कारण १९६१ मध्ये शेजारचा रस्ता रुंद करताना तो पाडला.

आपल्याला माराकाना माहीत असतं, पण ब्राझीलच्या राष्ट्रीय संघाचं पहिलं खरं घर हे. ११ मे १९१९ ला स्टेडियमचं उद्घाटनच ब्राझील-चिली सामन्याने झालं, ब्राझील ६-० जिंकला, फ्रीडनराइशचे तीन गोल. त्या संघाचा गोलकीपर मार्कोस दे मेंदोंसा फ्लुमिनेन्सेचाच, श्रीमंत घरातला आणि पुढे नावाजलेला इतिहासकार. एकाच संघात एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला फ्रीडनराइश!

धाग्यात एक नाव यायला हवं असं वाटतं, म्हणून लिहितो. रोबेर्तो चेरी, उरुग्वेचा राखीव गोलकीपर, पेनारोलचा. १७ मेला चिलीविरुद्ध एक चेंडू अडवताना त्याला आतून दुखापत झाली. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती, त्यामुळे तो तसाच खेळत राहिला. हर्नियाला पीळ पडला होता. ३० मेला, म्हणजे त्या दीडशे मिनिटांच्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, तो रिओच्या रुग्णालयात वारला. वय अवघं २३.

१ जूनला ब्राझील आणि अर्जेंटिना त्याच्या कुटुंबाच्या मदतीसाठी खेळले. ब्राझीलने पेनारोलची काळी-पिवळी जर्सी घातली आणि अर्जेंटिनाने उरुग्वेची आकाशी. सामना ३-३.

—

मंजिरी_क

दूरदेशी, हे वाचून गलबलून आलं. अर्जेंटिनाने उरुग्वेची जर्सी घालणं! तीन वर्षांपूर्वी याच दोघांच्या सामन्यात मैदान जळलं होतं.

—

खडूफळा

लेख आवडला, पण एक मुद्दा मांडतो. उरुग्वेला फार वर चढवू नये. ग्रादिन संघात होता म्हणून माँटेव्हिडिओत भेदभाव नव्हता असं होत नाही. कृष्णवर्णीय वस्ती गरीबच होती, मोलमजुरी आणि घरकाम हीच त्यांच्या वाट्याला आलेली कामं. ग्रादिन स्वतः १९४४ मध्ये हलाखीत गेला. जर्सी दिली म्हणजे समाजाने जागा दिली असं नाही. आणि दुसरं म्हणजे, या सगळ्या संघांत खंडाचे मूळ रहिवासी कुठे आहेत? त्यांच्याबद्दल तर हरकत घ्यायचीसुद्धा वेळ आली नाही.

—

सेंटरहाफ

खडूफळा सर, तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि मूळ रहिवाशांचा तर विशेष. उरुग्वेत चारूआ लोकांचं १८३१ मध्ये जे हत्याकांड झालं, त्यानंतर त्या देशाने स्वतःची ओळख युरोपीय म्हणूनच रंगवली. आणि त्याच देशाचा फुटबॉल संघ लढाऊपणाला 'चारूआचा पंजा' म्हणतो. ज्यांना संपवलं त्यांचं नाव अभिमानाने मिरवायचं, हे मला नेहमी खटकतं.

तरीही जर्सीचं मोल मी कमी मानणार नाही. ग्रादिनला बघत मोठी झालेली पोरं होती. त्यांच्या पुढच्या पिढीतला होसे लेआंद्रो आंद्रादे १९२४ आणि १९२८ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं आणि १९३० चा विश्वचषक जिंकला. पॅरिसमध्ये लोक त्याच्यासाठी वेडे झाले होते. ग्रादिन-देलगादोने १९१६ ला दार उघडलं नसतं तर आंद्रादेला ते किती सहज उघडं सापडलं असतं, सांगता येत नाही. तोही शेवटी गरिबीतच गेला, म्हणजे तुमचा मुद्दा पुन्हा खराच ठरतो.

—

आकडेमोड

गुणांच्या पद्धतीबद्दल थोडं. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं असल्यामुळे बरोबरीचा पेच वारंवार यायचा. १९२२ चं उदाहरण भारी आहे. ब्राझीलच्या स्वातंत्र्याची शताब्दी, स्पर्धा रिओत, पाच संघ. ब्राझील, पॅराग्वे आणि उरुग्वे तिघांचे ५-५ गुण. पॅराग्वेकडून १-० हरलेल्या उरुग्वेने पंचगिरीवर चिडून निर्णायक फेरीतून माघार घेतली. मग ब्राझील-पॅराग्वे सामना, ३-० ब्राझील. पॅराग्वेने पहिल्यांदा भाग घेतला तो १९२१ ला, आणि पुढच्याच वर्षी ते विजेतेपदाच्या उंबरठ्यावर!

पुढे बोलिव्हिया १९२६ ला आला, पेरू १९२७ ला. त्यामुळे सुरुवातीच्या काळात 'दक्षिण अमेरिकन' म्हणजे खरं तर खंडाचा खालचा अर्धाच भाग.

—

रंकाळवेसकर

आणि ब्राझील-अर्जेंटिनाचं वाकडं कधीपासनं? ते सांगितल्याशिवाय आमच्या गल्लीत झोप लागायची नाही.

—

सेंटरहाफ

'क्रीतिका'च्या व्यंगचित्राने ठिणगी पडलीच होती. भडका उडाला १९२५ च्या नाताळच्या दिवशी. ब्युनोस आयर्समध्ये निर्णायक सामना, त्यात फ्रीडनराइशला एका बचावपटूने आडवं केलं, तो भडकला आणि मग खेळाडू, प्रेक्षक सगळेच मैदानात. सामना २-२ सुटला, विजेतेपद अर्जेंटिनाकडे गेलं. त्यानंतर ब्राझील या स्पर्धेत परतला तो थेट १९३७ च्या स्पर्धेत. जवळजवळ अकरा वर्षं! आपण पेले, मॅराडोनापासून मोजतो, पण मूळ या नाताळात आहे.

—

वाटसरू

उशिरा आलो धाग्यावर. सुरेख चर्चा. पहिला विश्वचषक उरुग्वेला कसा मिळाला याचा या स्पर्धेशी संबंध आहे का?

—

सेंटरहाफ

सरळ संबंध आहे. १९२३ ला उरुग्वेच्या संघटनेचे प्रमुख होते आतिलिओ नारान्सिओ. त्यांनी खेळाडूंना शब्द दिला की यंदाची दक्षिण अमेरिकन स्पर्धा जिंका, तुम्हाला पॅरिस ऑलिंपिकला नेतो. तिजोरीत खडखडाट. संघाने तिन्ही सामने जिंकले, शेवटच्यात अर्जेंटिनाला २-० हरवलं. मग नारान्सिओंनी शब्द पाळला, त्यासाठी स्वतःचं घर गहाण टाकलं. पॅरिसमध्ये पहिल्याच सामन्यात युगोस्लाव्हियाला ७-० आणि अंतिम सामन्यात स्वित्झर्लंडला ३-०. युरोपने असा खेळ पाहिलाच नव्हता. १९२८ ला अॅम्स्टरडॅममध्ये पुन्हा सुवर्ण, तेही अर्जेंटिनाला अंतिम सामन्यात हरवून. या जोरावर १९२९ च्या बार्सिलोना परिषदेत पहिल्या विश्वचषकाचं यजमानपद उरुग्वेला मिळालं. जी ताकद युरोपला अचानक दिसली, ती आठ वर्षं या शेजारच्या स्पर्धेत घडत होती.

—

आकडेमोड

आणि त्याच विश्वचषकाने कोपा बंद पाडली ना?

—

सेंटरहाफ

काही वर्षं, हो. ३० जुलै १९३० च्या अंतिम सामन्यात उरुग्वेने अर्जेंटिनाला ४-२ हरवलं आणि दोन्ही संघटनांचे संबंध तुटले. १९२९ नंतर स्पर्धाच झाली नाही. शेवटी १९३५ ला पेरूने पुढाकार घेऊन लिमात ती भरवली. उरुग्वे तिथे लाल जर्सी घालून खेळला आणि शेवटच्या सामन्यात अर्जेंटिनाला ३-० हरवून जिंकला. त्या संघाबद्दल आणि १९३९ ला पेरूने जिंकलेल्या पहिल्या विजेतेपदाबद्दल वेगळा धागा काढतो. पेरूचं प्रकरण इथे कोंबलं तर त्याच्यावर अन्याय होईल.